दोरीचं दुसरं टोक

पाणी हे माणसाचं पहिलं घर आहे, असं पोहण्याचे मास्तर दर रविवारी तलावाच्या काठावरून जाहीर करत. स्वतः मात्र ते या घरात पाऊल टाकत नसत. त्यांना सर्दी होई.

त्यांच्याकडे शिकणाऱ्या छोट्या चिमटीला या घराची धास्तीच होती. पण मास्तरांकडे दोरी होती. ती पोराच्या कमरेला बांधायची, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळायचं आणि म्हणायचं, "हे बघ, मी धरलंय. बिनघोर हातपाय मार." पोर जरा पुढे गेलं की मास्तर टोक सोडून चहाला मोकळे. पलीकडची भिंत पोराच्या हाताला लागली की मगच सांगायचं, "दोरी कधीच सुटली होती लेका, तूच आलास!" पोराची छाती अशी फुगे, की पुढच्या वेळी ते दोरीला विचारत नसे.

आज चिमटी पहिल्यांदाच खोल बाजूनं निघाली होती. पोचली तर लाल टोपी. नाही पोचली तर पुन्हा गुडघाभर पाण्यात, 'बेडकां'च्या वर्गात.

"मास्तर, धरलंय ना?"

"घट्ट!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

चिमटी झकास चालली होती. काठावर तिचे बाबा उभे होते. ते विक्रेत्यांना आत्मविश्वास शिकवत. म्हणजे भरल्या सभागृहात एकेकाला उभं करून त्याची सालटी काढत, आणि न रडणाऱ्याला बढती सुचवत.

"दोरीच्या जोरावर पोहण्यात काय मोठेपणा?" बाबा म्हणाले.

"पलीकडे पोचू द्या साहेब, मग सांगतोच की. मध्येच नका—"

"मध्येच कळलं पाहिजे! चिमटे, मागे बघ! कुणीही धरलेलं नाहीये!"

चिमटीनं मागे बघितलं. दोरी पाण्यावर शेपटासारखी लोळत होती. मास्तरांच्या एका हातात कप, दुसऱ्यात बिस्किटाचा ओला तुकडा. हे सगळं तिनं नीट बघून घेतलं आणि मग, काही तक्रार न करता, ती खाली गेली.

मास्तरांनी पालापाचोळा काढायची लांब दांड्याची जाळी घातली. पहिल्या खेपेला कुणाची तरी चप्पल आली. दुसऱ्या खेपेला चिमटी.

"बेडूक! बेडूक!" बाकावरची पोरं आनंदानं ओरडली.

बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले. "रडायचं नाही. आज काय शिकलीस?"

चिमटीनं खोकून खोकून पाणी काढलं. मग ती विचारात पडली.

"बाबा, मला झोप लागेपर्यंत तू दाराबाहेर बसतोस ना?"

"अगं, विषय काय, तू विचारतेस काय!"

"बसतोस का?"

बाबांनी खिशातून मोबाइल काढून बघितला. तो वाजला नव्हता.

कमरेची ओली दोरी चिमटीनं हळूहळू आपल्याकडे ओढून घेतली आणि दुसरं टोक स्वतःच्याच मनगटाला गुंडाळलं. घट्ट.

मास्तर खाकरले.

"बाळ, तेवढी गाठ सोडून दे गं. पुढचं पोर खोळंबलंय."