बारा व्हॉल्व्ह आणि एक पेनी

नेदर विकम गावात इंजिनाचा जाणकार म्हणजे अँब्रोज टिकनर. असं स्वतः अँब्रोज टिकनरच सांगायचा, म्हणजे खरंच असणार. त्याच्या गॅरेजात सव्वीस वर्षांची जुनी मोटार होती. बॉनेट एवढं लांब, की दिवे चर्चपाशी पोचले तरी मागची सीट अजून घरीच चहा पीत बसलेली, असं गाव म्हणायचं. त्या बॉनेटखाली एका रांगेत सहा सिलिंडर. आतले पिस्टन जोडीनं वरखाली करायचे. पहिल्याबरोबर सहावा, दुसऱ्याबरोबर पाचवा, तिसऱ्याबरोबर चौथा. एकानं दिलेला धक्का दुसरे तिथल्या तिथे गिळून टाकायचे. टिकनरांच्या घरात तिघांना आयुष्यभर न जमलेली गोष्ट ते सहा जण मिनिटाला पाचशे वेळा करायचे.

असं इंजिन नीट लावलेलं असलं, की ते चालू असताना त्याच्या झाकणावर पेनीचं नाणं कडेवर उभं राहतं. त्या भागातले सहा सिलिंडरवाले सगळे हे करून दाखवायचे. शेजारचा लायोनेल पार्जिटर तर पेनी उभी करून वर जेवून यायचा, असं तो सांगे. आता त्यानं जुनी मोटार विकून नवी चकचकीत घेतली होती, पण सल्ले मात्र जुनेच ठेवले होते.

शनिवारी अँब्रोजच्या मुलीचं, हेस्टरचं, लग्न. अँब्रोजला एकच हौस होती, मुलीला आपल्या मोटारीतून चर्चला न्यायची. हेस्टरनं मागच्या वर्षी मामेबहिणीचं लग्न पाहिलं होतं. बाबांच्या याच मोटारीतून उतरेपर्यंत नवरीच्या केसांतल्या एकवीस पिना गळल्या होत्या, आणि बाविसावी नवरदेवाच्या बुटात सापडली.

"बाबा, स्पष्ट सांगते," हेस्टर म्हणाली. "लग्नाच्या सकाळी पेनी एक मिनिट उभी राहिली तर तुमच्या मोटारीतून येईन. पडली तर लायोनेलकाकांच्या."

"मी तर मोटारीला रिबिनी बांधूनच ठेवल्यात," लायोनेल कुंपणावरून म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी अँब्रोज कामाला लागला. सहा सिलिंडर म्हणजे बारा व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या डोक्याशी कागदाएवढी फट ठेवायची असते, पातळ पत्र्याची पट्टी सरकवून मोजायची. पुस्तकात जाड अक्षरात लिहिलं होतं, इंजिन गरम असतानाच मोजा. लोखंड तापलं की वाढतं आणि फट आवळते, हे अँब्रोजनं गावातल्या प्रत्येकाला निदान दोनदा समजावलं होतं. पाद्र्याला तीनदा.

त्यानं इंजिन तापवलं, बंद केलं, पुढच्या दांड्यानं इंजिन हातानं फिरवत पहिले दोन व्हॉल्व्ह झकास लावले. तेवढ्यात बायको मुरिएल दारात.

"अँब्रोज, चहा."

आता चहा आला म्हटल्यावर माणूस काय करणार? पाना ठेवायचा, हात धुवायचे, बसायचं. हवा कशी आहे यावर बोलायचं, उद्या कशी असेल यावर बोलायचं, दुसरा कप नको म्हणायचं आणि घ्यायचा. चाळीस मिनिटं. परत जाऊन त्यानं पुढचे दोन व्हॉल्व्ह लावले. मग लायोनेल डोकावला, म्हणून पुन्हा चहा. पाहुण्याला चहाविना पाठवणं तिथे चोरीपेक्षा वाईट. मधे इंजिन पुन्हा तापवायचं, तर त्या साली पेट्रोल कूपनावर मिळायचं आणि उरलेलं चर्चपुरतंच होतं. बारा व्हॉल्व्ह होईतो पाच चहा झाले. शेवटच्या दोघांच्या वेळी इंजिनावर मांजर गारव्याला येऊन बसलं होतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता पेनी उभी केली. इंजिन थोडं तापलं आणि खोकायला लागलं. अकरा सेकंदांत पेनी टुणकन उडाली ती थेट लायोनेलच्या टोपीत.

"अकरा सेकंद म्हणजे या वयाला बरंच आहे," लायोनेल म्हणाला. "इंजिनाच्या वयाला म्हणतोय मी."

हेस्टर डोक्यात कर्लर घालून उभी होती. बापाचं तोंड पाहून तिचा आवाज जरा उतरला. "अकरा वाजेपर्यंत थांबते, बाबा. पुढे नाही."

अँब्रोजनं झाकण काढलं. एक व्हॉल्व्ह नीट, दुसरा आवळलेला. कारण त्याला कळेना. तेवढ्यात मागून कपबशी वाजली.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," मुरिएल म्हणाली. "आधी चहा घे."

अँब्रोजनं चहाकडे पाहिलं. मग निवायला लागलेल्या इंजिनाकडे पाहिलं. मग परत चहाकडे. वर्षानुवर्षं पुस्तक पाठ असलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदाच उजेड पडला.

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे? साखर कमी घालू?"

"चहा नको, मुरिएल. काम होईपर्यंत नको."

लायोनेलनं टोपी काढली, मयताला काढतात तशी. मुरिएलला बसायला पेटी द्यावी लागली. मग तिनं विचारलं, "डॉक्टरांना बोलावू का?"

"दांडा फिरव," अँब्रोज म्हणाला.

आणि मुरिएलनं, लग्नाची टोपी घालून, दांडा फिरवला. अँब्रोज तापलेल्या लोखंडात बोटं घालून एकेक व्हॉल्व्ह लावत गेला. कातडी चरचरत होती, तोंडातून पाद्र्यापुढे न बोलण्यासारखं बरंच येत होतं. मधे लायोनेलनं विचारलं, "तुझा तो कप मी घेतला तर चालेल?" त्यानं घेतला. पंचवीस मिनिटांत बाराच्या बारा झाले.

पेनी उभी राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. लायोनेलला अचानक मोठी शिंक आली, ती बहुतेक खरीच असावी. पेनी हलली नाही. ते बघून तो रिबिनी सोडायला गेला, अगदी सावकाश, गाठी मोजत.

साडेअकराला हेस्टर पांढऱ्या झग्यात मागच्या सीटवर बसली. शेजारी मुरिएल. अँब्रोजनं बोटांच्या पट्ट्या पांढऱ्या मोज्यांत दडवल्या आणि ऐटीत स्टिअरिंग धरलं. पण आवाज काही येईना. बंद पडली, ऐन वेळी. त्यानं घाईनं स्टार्टर दाबला आणि शंभर डबे जिन्यावरून गडगडावेत तसा करकरणारा आवाज साऱ्या गल्लीभर झाला.

"बाबा," हेस्टरनं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चालूच आहे ती."