डबाभर प्रसाद

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, फक्त डोळे मिटू नका. गोष्ट शिऱ्याची आहे, आणि आमच्या बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या सोसायटीतली आहे, म्हणजे पाप-पुण्य सगळं एकाच लिफ्टमधून वरखाली करणारं.

दर दत्तजयंतीला आमच्या क्लबहाऊसमध्ये कीर्तन असतं आणि प्रसादाचा शिरा अहल्याअक्का करतात. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं. त्यांचा नेम एकच: कीर्तनाला आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत जायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून तो कधी मोडला नव्हता.

गेल्या वर्षीपर्यंत शिरा प्लास्टिकच्या वाटीत चमचाभर मिळायचा. यंदा पर्यावरण समितीच्या शुभदाताईंनी फर्मान काढलं: प्लास्टिक बंद, प्रत्येकानं घरून डबा आणायचा. फर्मान उत्तमच होतं. वाट्यांचा तो ढीग पाहून दत्तगुरूंची गायसुद्धा तोंड फिरवत असेल.

संध्याकाळी भीमाचार्यबुवा पूर्वरंगाला उभे राहिले. विषय होता, संचय कशाला करावा. बुवांचा आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. पण माझ्या मागच्या रांगेत वेगळंच निरूपण चाललं होतं.

"हा बांबूचा आहे. फक्त ओलं चालत नाही याला."

"मग ठेवता काय यात?"

"सध्या तरी काही नाही."

"आमचं हे मेणकापड. मधमाश्यांचं मेण लावलेलं. वाटीवर दाबून बसवायचं, प्लास्टिकची गरजच नाही."

शेजारी शुभदाताईंचे यजमान नंदकिशोर मांडीवर काचेची बरणी घेऊन बसले होते. एरवी तिच्यात घरची डाळ राहते. रबराची कडी असलेलं झाकण ते पुन्हा पुन्हा लावून बघत होते. बुवा 'सोडा, सोडा' म्हणत आणि बरणी 'टक' म्हणे. ताल मात्र चुकत नव्हता.

आरती झाली, रांग लागली आणि अक्कांची पंचाईत झाली. एवढ्या मोठ्या डब्यात चमचाभर प्रसाद घालायचा कसा? तळ उघडा दिसला तर देणाऱ्याचीच शोभा होते. त्या निदान तळ झाकेल इतकं वाढू लागल्या. लोक डबे आणखी थोडे पुढे करू लागले.

"अक्का, उद्या मुलांच्या टिफिनलाही होईल."

"होईल, होईल," अक्का म्हणत आणि वाढत.

अर्धी रांग उरली आणि डाव पातेल्याच्या बुडाला लागला. अक्कांचा चेहरा उतरला. शुभदाताई घाईनं आल्या. "अक्का, घेतलेल्यांकडून परत मागू या का? मी अनाउन्समेंट करते."

"छे गं. दिलेला प्रसाद परत घेतात होय?"

क्षणभर त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. मग ते कडेवर घेतलं आणि रांग सोडून सरळ दाराशी गेल्या. तिथं नंदकिशोर चपला शोधत होते.

"नंदकिशोरअण्णा, मला प्रसाद नाही मिळाला. स्वल्प द्या."

नंदकिशोर बावचळले. प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणायचं धाडस आमच्यात कुणाला आहे? तरी त्यांनी प्रयत्न केला. "अक्का, हे एअरटाइट आहे. एकदा उघडलं की…"

"उघडा."

टक झालं. त्यांनी चमचाभर घातला. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी आणखी एक घातला, मग आणखी एक.

"सरी, पुरे," म्हणून अक्का पुढच्या माणसाकडे वळल्या. मेणकापड निघालं, स्टीलच्या डब्यांच्या कड्या निघाल्या, बांबूचं झाकण ओलीनं फुगून अडकलं होतं ते दोघांनी मिळून ओढलं. चपला घातलेल्यांनीही चपला काढून वाढलं. काही जण लिफ्टच्या दाराशी पोहोचले होते. अक्कांना पाहून ते तिथूनच डबे उघडत आले.

पातेलं अर्धं भरलं. मग अक्कांनी रांगेतल्यांना सांगितलं, "डबे खाली ठेवा, हात पुढे करा." तळहातावर घासभर, असा शेवटच्या माणसापर्यंत शिरा पुरला. शुभदाताई रांगेच्या अगदी टोकाला जाऊन उभ्या होत्या. त्यांनीही हातावरच घेतला आणि मुकाट्यानं तोंडात टाकला.

अक्कांच्या वाट्याला बुडाची खरवड आली. ती त्यांनी बुवांबरोबर वाटून खाल्ली.

आता तुम्हीही घरी जाऊन काच, स्टील, मेणकापड, जे असेल त्यात उरलंसुरलं झाकून ठेवाल. जरूर ठेवा. फक्त झाकण लावण्याआधी आमच्या अहल्याअक्कांची एकदा आठवण काढा, आणि शेजारी कुणी जेवायचं राहिलंय का, तेवढं विचारा.