जावयाची विमानं

दातांच्या डॉक्टरांना विमानं बांधायचा नाद होता. बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या कापायच्या, चिकटवायच्या, मोटर बसवायची आणि सगळं जमलं की छताला टांगायचं. चार विमानं झाली, हवेत एकही गेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, शेपूट जरा जड वाटतंय, बघू पुढच्या रविवारी.

सासूबाई राहायला आल्या आणि त्यांच्या वाट्याला नेमकी विमानांची खोली आली. बाईंचं आयुष्य तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात गेलेलं. काठावर बसून राहणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा. पंखा लावला की डोक्यावर चारही विमानं डुलायची. काही दिवस त्यांनी कळ काढली. मग एकदा चहा घेताना म्हणाल्या, "जावईबापू, एक तर ती उडवा, नाहीतर उतरवा. माझा डोळा लागत नाही."

बायको हसली. डॉक्टर हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. पेशंटच्या तोंडात आरसा आणि नजर खिडकीबाहेर, पानं हलतायत का ते बघत. एका बाईंना चूळ भरायला सांगून ते वारा बघायला गॅलरीत गेले, ते परत यायचंच विसरले. घरी जेवताना मधेच उठायचे, पंखांखाली बोटं धरून विमानाचा तोल बघायचे, पुन्हा ताटावर बसायचे. बायको म्हणाली, हे घरात असून नसल्यासारखे झालेत.

रविवारी तिघं माळावर गेले, बरोबर पिवळं विमान. डॉक्टरांनी बॅटरी काढली, घातली, पुन्हा काढली. म्हणाले, वारा आहे. बायकोनं रुमाल धरला, तो हलला नाही. मग म्हणाले, ऊन डोळ्यांवर येतंय. सासूबाईंनी सरळ विमान उचललं.

"आई, ठेवा ते खाली."

"मोटर चालू करा."

हातातल्या रिमोटवर अंगठ्यानं ती कशी चालू केली, ते डॉक्टरांनाही कळलं नाही. बाई चार पावलं पळाल्या आणि विमान सोडलं. ते आधी खाली झुकलं, मग सावरून वर चढलं. एक फेरी झाली. मग ते वळून डॉक्टरांकडेच यायला लागलं. समोरून येणाऱ्या विमानाला डावं-उजवं उलटं करावं लागतं, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना समजावलेलं होतं. अंगठा तरी चुकीच्याच बाजूला गेला. विमान नाकावर आपटलं.

पंख मोडला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला. "मीच घाई केली," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून तुकडे बघत होते. "मी चिकटवलेला सांधा धरून आहे, आई. मोडलंय ते त्याच्या बाजूला." एखादं मोडलं तर हा नाद सुटेल, असं त्यांना वाटत आलं होतं. आता तर त्यांना एका जागी उभंही राहवेना. बायकोनं डबा उघडला, तो त्यांनी येरझाऱ्या घालतच संपवला.

संध्याकाळी तिघं घरून निळं विमान घेऊन परत माळावर आले. ते उडालं आणि उतरलंही, बऱ्यापैकी धड. तरी डॉक्टरांना घरी जावंसं वाटेना. आणखी एक फेरी, म्हणाले, मग आणखी एक. शेवटी अंधारात विमान दिसेनासं व्हायला लागलं, तेव्हा बायकोनंच त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.