आधी परत ठेवा, मग काढा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझा कुणावर म्हणून विश्वास नाही. स्वभावच तसा! कुणी साधी फाईल पुसायला घेतली तरी मी डोळे वटारून विचारतो, "तुम्हाला खात्री आहे का?"

रायपूरच्या एका दुकानात मला जोडलं आणि भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आणलं. पोलादाच्या प्लांटमध्ये काम करणाऱ्या प्रवीणजींचा मुलगा अंकुर तेव्हा पॉलिटेक्निकला लागला होता. मला हार घातला, कुंकू लावलं. मग माझ्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर टाकलं. अंकुरने क्रेनचा हुक काढला, तेव्हा शेजारच्या नूतनकाकू म्हणाल्या, "अगंबाई, हा त खराच वाटते!" माझी छाती काय फुगली होती!

पुढे मी जुना झालो. माझ्यावर इस्त्रीचे कपडे साचू लागले. अंकुर मात्र अजून ड्रॉइंग काढायचा. आणि एक दिवस त्याने त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. नवीन टाकायला गेला, तर नवीन म्हणे, आधी जुनं काढा. जुनं काढायला गेला, तर जुनं सापडेचना.

"पप्पा, हा खटारा झाला," अंकुर म्हणाला. "आता लॅपटॉपच घेऊन द्या."

"इतवारी कबाडी येते," प्रवीणजी म्हणाले. "तवरक चालला त ठीक, नाही त देऊन टाकू."

कबाडी, म्हणजे भंगारवाला! माझा पंखा गरगरला. लॅपटॉपसाठी त्याने मुद्दाम बिघडवलं, असा मला अंकुरचाच संशय आला. आदल्या दिवशी हा माझ्याच पडद्यावर लॅपटॉप बघत बसला होता!

त्याला संशय धाकट्या बहिणीचा. "टीना, तूच गेम टाकला असशील."

"मी? लॅपटॉप कोणाले पायजे, मले का तुले?" टीनाने कमरेवर हात ठेवले. "मीच करते याले ठीक. पाहून घे!"

मित्रांनो, मला तिचीही धास्तीच वाटली. अकरावीतली पोर! शाळेचा बंद प्रोजेक्टर सुरू केल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी सकाळीच ती माझ्यापुढे येऊन बसली. पहिल्यांदा अंकुरची सगळी ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेतली. मग पप्पांचा प्लांटमधला लाल टॅग माझ्या प्लगला बांधला. तिथे मशीनवर काम चालू असलं की असा टॅग लावतात, आणि मग बटणाला कुणी हात लावत नाही.

"मम्मी, कूलरसाठी हा प्लग काढशील नको."

"हो बाई इंजिनेर!" मम्मी स्वयंपाकघरातून हसली.

मग टीनाने माझी कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, उघडली. आत जुन्या सॉफ्टवेअरचं आख्खं फोल्डर पडलेलं!

"दादा, हे कोणं फेकलं?"

"मीच," अंकुर सहज म्हणाला. "नवीन टाकाचं होतं म्हून डिलीट केलं. असंच त काढतेत ना?"

त्याचा चेहरा इतका भाबडा होता की माझा संशय जागीच विरघळला. मित्रांनो, सॉफ्टवेअरचं फोल्डर फेकलं तरी त्याच्या नोंदी माझ्या कानाकोपऱ्यात राहतात. आणि ते काढून टाकणारा प्रोग्राम? तो त्याच फोल्डरमध्ये असतो!

"म्हणजे आता?"

"आधी परत ठेवाचं, मंग काढाचं," टीना म्हणाली.

तिने फोल्डर जागेवर ठेवलं. नव्यात वापरता यावं म्हणून जुन्याचं लायसन्स कंपनीला ऑनलाइन परत केलं. मग रीतसर काढायला घेतलं. मी विचारलं, खात्री आहे का? "हाय रे बाबा, हाय!" ती ओरडली. उरलेली रिकामी फोल्डरं झाडली, मला रीस्टार्ट केलं. परत उठतो की नाही, देव जाणे, म्हणत मी डोळे मिटले. उठलो! नवीन सॉफ्टवेअर अर्धं आत आलं होतं, तेवढ्यात दारात आवाज आला, "कबाड़ीवाला!"

प्रवीणजी आले. माझ्या प्लगकडे त्यांचा हात गेला. संपलं, मला वाटलं. पण लाल टॅग दिसला आणि हात जागीच थांबला.

"कोणं लावला?"

"मी, पप्पा."

"मंग तूच काढजो. दुसऱ्याच्या टॅगले आपण हात नाही लावत." ते दाराकडे वळले. "भैया, ज़रा रुको."

कबाडी पायरीवर टेकला. मी जीव मुठीत धरून सॉफ्टवेअर भरून घेत राहिलो. नव्वद टक्के. पंच्याण्णव. आणि उघडलं! पेनड्राइव्हवरचा हुक जसाच्या तसा पडद्यावर! टीनाने टॅग सोडला आणि नाचतच दाराशी गेली. "भैया, कंप्यूटर नहीं देना है! पेपर की रद्दी ले जाओ!"

"पण मले लॅपटॉप..." अंकुर पुटपुटला.

"पाहू," प्रवीणजी म्हणाले. "हा मात्र आता टीनाचा."

मित्रांनो, जुनं काढायचं तर जरूर काढा, पण ओरबाडून फेकू नका. आणि कुणावर संशय आलाच, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा नीट उघडून बघा.

दुपारी टीनाने पहिली रेघ ओढली. वाकडी होती. पण मी "खात्री आहे का?" असं विचारलं नाही.