लेख आशेवर संपवावा

मनाच्या आरोग्याविषयी लेख छापणाऱ्या त्या वेबसाइटने लेखकांसाठी अकरा पानी सूचना काढल्या होत्या. सुचिताला त्या एव्हाना पाठ झाल्या होत्या. 'वेडा', 'भ्रमिष्ट' असले शब्द वापरायचे नाहीत. अपघाताचं बारीकसारीक वर्णन करायचं नाही, वाचणारा कदाचित तशाच प्रसंगातून नुकता बाहेर आलेला असेल. घरच्या माणसाची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय लिहायची नाही. आणि वाचकाला आजच्या आज करता येईल असं एखादं छोटं पाऊल सुचवून लेख आशेवर संपवायचा.

सूचना तिला मनापासून पटायच्या. अलिबागच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बीए केलेली कोळीवाड्यातली ती पहिलीच मुलगी. लेख तपासणाऱ्या हेमालीताई बेलापूरला असायच्या. सुचिता घरीच पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची आणि मागच्या पडवीत तिचे वडील, सदा, मांडीवर जाळं घेऊन बसलेले असायचे.

भाद्रपदात खाडीच्या तोंडाशी त्यांची होडी उलटली होती. सदाला दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून काढलं. भागोजी, त्यांच्याबरोबर बावीस वर्षं खलाशी म्हणून असलेला माणूस, तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून सदाने किनाऱ्याला पाय लावला नव्हता. सकाळी उठून पडवीत बसायचे, धडक्या जाळ्याची गाठ सोडायचे, पुन्हा बांधायचे. 'व्हय' आणि 'न्हाय' याच्यापलीकडे तोंडातून फारसा शब्द नाही.

माघात हेमालीताईंनी विषय दिला, 'आघातातून गेलेल्या माणसाशी कसं बोलावं'. लिहायच्या आधी सुचिताने स्वतः करून पाहिलं. पडवीत जाऊन बापाशेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही, तसंच करायचं असतं. मग हळूच विचारलं, "बाबा, त्या दिवसाचं काही सांगावंसं वाटतं का तुम्हाला?"

सदाने जाळं उलटं केलं. म्हणाले, "दोरा सपला."

ती उठली आणि नाक्यावरून दोऱ्याचं रीळ घेऊन आली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लेख पुरा केला. जवळ बसा, घाई करू नका, विचारा, ऐका, मध्ये सल्ला देऊ नका. शेवटी मात्र तिने लिहिलं की कधी कधी हे सगळं करूनही माणूस बोलत नाही, आणि तेव्हा काय करायचं ते आपल्याला ठाऊक नसतं.

हेमालीताईंचा फोन आला. "सुचिता, लेख छान झालाय गं. फक्त शेवट बदलूया. एखादी बाई अगदी टोकाला येऊन हे वाचत असेल, तिला असं कसं सोडायचं?"

"पण खरं तेच आहे ताई."

"तुझ्या घरचं आहे का हे?"

सुचिताने मागे पडवीकडे पाहिलं.

"बाबांना विचारलंस? ते हो म्हणाले तर आपण त्यांची गोष्ट म्हणून वेगळा लेख करू."

"विचारलं तर उत्तर द्यायला पाहिजे ना त्यांनी," सुचिता म्हणाली आणि शेवट बदलून दिला. 'आज फक्त एक प्रश्न विचारून बघा. दार उघडेल.'

लेख खूप वाचला गेला. एका व्हॉट्सॲपवरून दुसऱ्यावर फिरत फिरत पंधरा दिवसांत कोळीवाड्यातही पोचला. खाली लेखिकेचं नाव छापायची पद्धत नव्हती, त्यामुळे तो कुणी लिहिलाय ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

एका सकाळी भागोजीची बायको सगुणा दारात उभी राहिली. नवरा गेल्यापासून या घरची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. वलाणावर बोंबील वाळत टाकून तशीच आलेली, हाताला खारट वास. सुचिताची आई वेणूबाई लगबगीने पुढे झाली.

"ये गो, बस. चाय ठेवते."

"चाय नको. सदादादाशी बोलायचं हाय." तिने हातातला फोन सुचितापुढे धरला. "तुला वाचाय येतं चांगलं. ह्यात लिवलंय, विचारावं म्हून. विचारलं की माणसाचं मन हलकं व्हतं. व्हय ना?"

स्वतःचीच वाक्यं त्या फुटक्या काचेमागे बघून सुचिता पडवीच्या दारात आडवी उभी राहिली. "काकी, आज नको. ते अजून बरे नाहीत."

"सहा महिनं झालं. मीपण बरी न्हाय."

अकरा पानांत कुठेही याचं उत्तर नव्हतं. सगुणा तिच्या बाजूने वाट काढून पडवीत गेली, सदाजवळ खाली बसली. अगदी लेखात सांगितलं होतं तशी, शेजारी, हाताच्या अंतरावर.

"दादा, एकच सांगा. शेवटाला ते काय बोल्ले?"

सदाची बोटं थांबली. सुचिताला वाटलं, आता दोरा सपला म्हणतील. म्हणावं, अशी तिने मनातून विनवणी केली.

"काय बोल्ला न्हाय," सदा म्हणाले. सहा महिन्यांत त्यांचं एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. "माझा हात धरला व्हता त्यानं. घट्ट धरला व्हता. माझा सुटला, सगुने. त्याचा न्हाय, माझा सुटला."

सगुणाने मध्ये सल्ला दिला नाही. ती ऐकत होती. मग "बरं" म्हणाली, पदर खोचला आणि कुणाकडे न बघता पुढच्या दाराने निघून गेली. वेणूबाई तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसली.

त्या दिवसापासून सदाचं 'व्हय' आणि 'न्हाय'ही बंद झालं. जेवण समोर ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. सगुणा रस्त्यात दिसली की मान वळवायची. तिचं काय चुकलं आणि बापाचं काय चुकलं, सुचिताला दोन्ही सांगता आलं नसतं.

तिने हेमालीताईंना फोन केला. "त्यात एक ओळ घाला ताई. उत्तर झेपणार असेल तरच विचारा, अशी."

"अगं, त्याने वाचणारा घाबरेल. शंभर जणांनी आभार मानलेत या लेखाचे." मग त्यांचा आवाज खाली आला. "काय झालंय?"

सुचिताने सांगितलं.

"मी तुला हेल्पलाइनचा नंबर पाठवते," हेमालीताई म्हणाल्या.

"तो प्रत्येक लेखाखाली मीच टाकते, ताई."

"हो गं. सॉरी. मला दुसरं काही सुचलं नाही."

गुरुवारी सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टर बसायच्या. वेणूबाईने सदाला धुतलेला सदरा घातला, दोघींनी मिळून त्यांना एसटीत बसवलं. नेलं तिकडे ते आले. बाकावर बसवलं तिथे बसले. तीन तासांनी त्यांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मात्र उठले नाहीत.

"बाबा, चला. आपला नंबर आला."

सुचिताने दंडाला धरून उठवायला पाहिलं. अंग दगडासारखं जड. मागच्या बाईने विचारलं, "तुमाला जायचं न्हाय तर मी जाऊ काय?" आणि ती गेलीही.

शेवटी सगळे पेशंट आटपल्यावर डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या. सदाच्या शेजारी बाकावर बसल्या, काही न विचारता. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं गेली. मग त्या सुचिताला म्हणाल्या, "गोळ्या लिहून देते. झोप लागेल. पुढच्या गुरुवारी परत आणा. आणाल ना?"

"आणते," सुचिता म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ते एसटीत चढले नाहीत तर काय करायचं, ते तिला विचारायचं होतं. पण डॉक्टर चिठ्ठी लिहीत होत्या आणि वेणूबाई सदाच्या पायात चपला सरकवत होती. एक पाय जाईना, म्हणून सुचिताही खाली वाकली.