घडीवरची सही

उड्यांच्या मैदानावर विमानाच्या शेडला लागून एक लांबट खोली होती. तिथे पॅराशूटच्या घड्या घालायचं काम चाले, आणि तिथे तिला सगळे भिंगबाई म्हणत. म्हणत पाठीमागेच, पण इतक्या मोठ्याने की पाठीमागे म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता. तिला त्याचा राग नव्हता. दोरीला पीळ पडलाय का, शिवण उसवलीय का, कापडाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे का, हे बघायचाच तिला पगार मिळत होता. फक्त काम सुटलं तरी ते डोळे मिटत नसत. भाजीवाल्याने न मागता दोन टोमॅटो जास्त टाकले, तर ती आधी पिशवी उलटी करून तळाला काय घातलंय ते बघे.

याआधी बारा वर्षं तिने नणंदेच्या कारखान्यात शाळेची दप्तरं शिवली होती. नणंद वाईट नव्हती, पण उपकार केल्याची आठवण ती रोज चहाच्या वेळी करून देई. इथल्या लांब टेबलावर पहिल्यांदा ते हलकं, सुळसुळीत कापड हातात आलं, तेव्हा भिंगबाईला वाटलं, आपले हात इतकी वर्षं चुकीच्या घरी नांदत होते. हे काम तिला जीव लावून आवडलं होतं.

अडचण एकच होती. घडी घालणाऱ्याने स्वतःच्या हातच्या घडीवर एक उडी मारल्याशिवाय त्याची सही धरत नसत. शेवटच्या दहा घड्यांमधली कुठलीही एक मॅनेजरबाई फळीवरून उचलणार, आणि ती पाठीवर घालून विमानातून उतरायचं, जिन्याने नव्हे. तोवर भिंगबाईच्या प्रत्येक घडीच्या कार्डावर तिच्याऐवजी घडीमास्तरांची सही असे. आणि भिंतीवर दुसरा एक नियम टांगला होता: ज्याची सही, त्याला कुणीही म्हणू शकतं, ‘आधी तू पाठीवर घाल.’ हा नियम कुणी कधी वापरल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

भिंगबाई दोनदा वर जाऊन दोनदा विमानातूनच परत आली होती. दार उघडं, खाली हिरवे-पिवळे तुकडे, आणि तिची बोटं दाराच्या चौकटीला अशी चिकटलेली की प्रशिक्षकाने ती एकेक करून सोडवली. तिसरी खेप शेवटची. तीही वाया गेली, तर परत दप्तरं आणि नणंदेचा चहा.

दुसऱ्या खेपेनंतर घडीमास्तरांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

घडीमास्तर साठीचे, वाळलेले, बोलायला कंजूष. दीड वर्षात ते तिच्याशी ‘ओढ’, ‘सोड’ आणि ‘परत घाल’ यापलीकडे बोलले नव्हते. तोच माणूस आता टेबलाच्या पलीकडे उभा राहून, कापडावर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवता ठेवता म्हणे, “एकदा काय झालं, वादळ अंगावर येत होतं...” आणि ते वादळातून उतरत. दुसऱ्या दिवशी धुक्यातून उतरत. तिसऱ्या दिवशी पुराच्या पाण्यावरून उडत जाऊन एका गच्चीवर औषधं पोचवत. खोलीतले बाकीचे हातातलं काम सोडून ऐकत. भिंगबाई काम न सोडता ऐके, आणि मनातल्या मनात एकेक दोरी ओढून बघे.

हे आत्ताच का? तिने तीन शक्यता काढल्या. एक, मास्तरांची भाची कामाच्या शोधात होती, म्हणजे आपली जागा रिकामी झाली की भाची आत. दोन, मॅनेजरबाईने त्यांना आपली हिंमत मोजायला बसवलंय. तीन, म्हाताऱ्याला नुसतीच मजा वाटतेय. तिन्हींत ती गप्प राहिलेली बरी होती, आणि गप्प राहणं तिला जमत नव्हतं.

“मास्तर, त्या दिवशी वारा कुठून होता?”

“पश्चिमेकडून.”

“मग तुम्ही पूर्वेला जायला हवं होतं. तुम्ही तर म्हणालात, पश्चिमेच्या तळ्यात पडलात.”

मास्तर वाळूची पिशवी सरळ करत म्हणत, “वारा फिरला.”

वारा फार सोयीने फिरायचा. पण भिंगबाईला खटकत होतं ते वेगळंच. गोष्टी बदलत, पण प्रत्येक गोष्टीत पायलटला उचकी लागलेली असे. वादळातही उचकी, धुक्यातही उचकी. प्रत्येक गोष्टीत मास्तरांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली असे. आणि उतरल्यावर एक बाई कपडे वाळत घालता घालता त्यांच्यावर ओरडे, “माझी चादर तुडवलीत!” पुरातल्या गच्चीवरही हीच बाई, हीच चादर. पुरात कोण चादरी वाळत घालतं?

एक गोष्ट कबूल करायला हवी, जी तिने तेव्हा स्वतःशीही केली नाही. गोष्ट चालू असताना तिला दारातली ती जागा आठवे, पण बोटं आखडत नसत. घरी भांडी घासताना ती त्या उडीचं पुढचं जुळवू लागे. मग स्वतःवरच चिडून नळ बंद करे.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दुपारी रबरबँडचा डबा आणायला ती ऑफिसात गेली. तिथल्या कपाटात सगळ्यांची उड्यांची कार्डं असत. कपाटाला कुलूप नव्हतं, आणि तिला स्वभावाला कुलूप लावता येत नव्हतं. तिने मास्तरांचं कार्ड काढलं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या तीन ओळी. पहिली: ‘परत.’ दुसरी: ‘परत.’ तिसरी: ‘उडी.’ त्याखाली सगळं कोरं.

एक उडी! गरुडासारखा मिरवणारा हा माणूस जन्मात एकदा उडाला होता, आणि त्या एका उडीचे चाळीस कपडे शिवून रोज नवा घालून येत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! भिंगबाईला इतका संताप आला की रबरबँड तिथेच राहिले. संतापाखाली आणखी एक होतं, आणि ते जास्त दुखत होतं. तिने त्या गोष्टींवर विश्वास ठेवला होता. थोडासाच, पण ठेवला होता.

सकाळी सगळे जमले. मॅनेजरबाईने फळीवरून भिंगबाईची एक घडी उचलली. पोटावर बांधायची राखीव छत्री नियमाप्रमाणे मास्तरांच्या हातची होती. ती भिंगबाईने चार बाजूंनी तपासली. मास्तर म्हणाले, “घाबरू नकोस. मी एकदा...”

“एकदाच,” भिंगबाई म्हणाली. “कार्ड पाहिलंय मी. एकदाच उडालात तुम्ही. त्याआधी दोनदा परत आलात. आणि आम्हाला पूर, वादळं आणि धुकं!”

मास्तरांचं तोंड पांढरं पडलं.

तिथे थांबली असती तर ती भिंगबाई कसली. तिने फळीवरून आपल्या हातची दुसरी घडी ओढली आणि टेबलावर ठेवली. “या कार्डावर तुमची सही आहे ना? मग आधी तुम्ही घाला.”

मॅनेजरबाईने भिंतीकडे पाहिलं. नियम होता. “मास्तर, या वयात कुणी तुम्हाला...” ती म्हणू लागली.

“सही माझी आहे,” मास्तर म्हणाले, आणि हात पट्ट्यांत घातले. बक्कल लावताना ते तीनदा चुकले. हा माणूस दिवसात शंभर बक्कलं लावायचा.

विमानात मागच्या बाजूला खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर फतकल मारून बसायचं. प्रशिक्षकाने दोघांच्या छत्र्यांचे पट्टे वरच्या तारेत अडकवले. बाहेर पडलं की पट्टा ताणून छत्री आपोआप उघडते, माणसाने काही करायचं नसतं. नुसतं दार सोडायचं. सगळी गोम तिथेच होती.

विमान वर चढत होतं. भिंगबाई मास्तरांकडे संशयाने बघत होती. हेही नाटक असेल. पण घाम नाटकाने येत नाही. त्यांच्या कानामागून घाम गळत होता, ओठ सुकले होते, आणि दोन्ही हातांनी गुडघे असे धरलेले की नखं पांढरी झाली होती.

“मग सांगायच्या कशाला गोष्टी?” तिने इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

“भीती गेली नव्हती,” मास्तर ओरडले. “उडी मारली तरी गेली नाही. मग स्वतःलाच सांगत बसलो. दरवेळी थोडी वर नेऊन. तुझी बोटं दाराला कशी चिकटली ते ऐकलं... म्हटलं, उरलीय तेवढी हिंमत तुला द्यावी.”

“मग सांगा ना आता एक!”

मास्तरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

भिंगबाईला फार वाईट वाटलं. तिची घडी त्या वाळलेल्या पाठीवर होती, आणि तिनेच ती तिथे चढवायला लावली होती. जन्मात तिने थाप मारली नव्हती, दुसऱ्यांच्या पकडण्यातच वेळ गेला होता. पण आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

“एक बाई होती,” ती म्हणाली. “लाँड्रीत कामाला. तिने... चादरी जोडून छत्री शिवली.”

“कसल्या चादरी?”

“साध्या. सुती.”

“सुती?” मास्तरांची भुवई वर गेली. “हवा आरपार जाईल.”

“तिने खळ घातली. दाट.”

“दोऱ्या किती?”

“सोळा.”

“सोळा कमी आहेत. मधलं भोक ठेवलं का?”

भिंगबाई गडबडली. “नाही.”

“मग संपलं!” मास्तर हात गुडघ्यावरून काढून हवेत फिरवू लागले. “डोक्यावर भोक नसेल, तर हवा कडेने सटकते. झोके खात जाईल बिचारी, भिंतीवर आपटेल. कोण म्हणालं ती वाचली?”

“मी कुठे म्हटलं वाचली? तिलाही शंका आलीच. तिने शेवटच्या घटकेला भोक कापलं.”

“नुसतं कापलं? कड दुमडली का? उसवेल की!”

“दुहेरी शिवण घातली. कडेने पट्टी.”

“हाताने की मशीनवर?”

“मशीनवर. आणि प्रत्येक दोरी बांधून दोनदा ओढून पाहिली. पीळ काढला. घडी घातली, उसवली, परत घातली.” बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की आपण आता लाँड्रीवाल्या बाईचं बोलत नाही आहोत. सगळ्या प्रश्नांची उत्तरं हातांना ठाऊक होती. भीती होतीच. पण त्या भीतीला विचारायला नवीन काही उरलं नव्हतं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. ते भिंगबाईकडे तिच्याच नजरेने बघत होते, एक डोळा बारीक करून. “मग ठीक,” ते म्हणाले. “मग? मारली का उडी तिने?”

प्रशिक्षकाने दार सरकवलं आणि भिंगबाईच्या खांद्यावर थाप मारली. परीक्षेची उडी तिची, म्हणून पहिला नंबर तिचा होता.

“थांबा, सांगते,” ती म्हणाली, दारात बसली, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि सोडली.

मग काही वेळ जगात काहीच नव्हतं. मग पट्ट्यांनी काखेत जोराचा हिसका दिला आणि सगळं शांत झालं. भिंगबाईने डोळे उघडले, आणि खालचं जग बघायचं सोडून आधी वरची छत्री तपासली. दोऱ्या सुट्या, पीळ नाही. कडा भरलेल्या. शिवणी एकसारख्या. तिने पुन्हा एकदा बघितलं, कारण पहिल्या बघण्यावर तिचा विश्वास नसे. खोट काढायला जागा नव्हती. ती मोठ्याने रडू लागली, आणि ऐकायला कुणी नसल्याने तिने ते आटोपतं घेतलं नाही.

तिचे पाय गवताला लागले, तोवर विमान वळसा घालून परत आलं. दारात कुणी दिसेना. हा म्हातारा नक्कीच आत बसलाय, ती मनात म्हणाली, आणि बसला असला तरी चालेल, असंही म्हणाली. तेवढ्यात दारातून काहीतरी पडलं. उडी म्हणण्यासारखं ते नव्हतं, फळीवरून गाठोडं घसरावं तसं होतं. ती घडी तिला आठवत होती. बुधवारी घातलेली, दुपारी, डाव्या बाजूची पट्टी दोनदा सोडून परत लावलेली. ती घडी चुकलेली नाही, भिंगबाई म्हणाली, आणि घडी चुकली नव्हती. वर पांढरं कापड फुललं.

मास्तर तिच्यापासून शंभर पावलांवर गवतात पडले आणि पडूनच राहिले. ती छत्री ओढत, ठेचकाळत धावली. हात, पाय, मान, सगळं एका नजरेत तपासलं.

“घोटा मुरगळलाय,” मास्तर आकाशाकडे बघत म्हणाले. “बाकी शाबूत. ती लाँड्रीवाली कुठली?”

“आत्ताच रचली.”

“मला शंका होतीच,” ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

मॅनेजरबाई दोघांची कार्डं घेऊन आली. भिंगबाईच्या कार्डावर ‘उडी’ लिहून झालं, आणि साक्षीदार म्हणून मास्तरांनी सही करायची होती. त्यांनी गवतात पडल्या पडल्याच पेन धरलं. सही कार्डाच्या कडेकडे वाकडी गेली आणि शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर पडलं. एरवी भिंगबाईने असलं कार्ड परत केलं असतं. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, उजेडाकडे फिरवलं, आणि खिशात ठेवलं.