पिठोरीचं वाण, पोळ्याच्या दिवशी

पोळा आणि पिठोरी एकाच अमावास्येला येतात, याचा राग मला लग्नानंतर आला. तोवर माझा पोळ्याशी संबंध पुरणपोळीपुरताच. माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, भिक्षुकाचं. पिठोरीच्या संध्याकाळी आई खीर-पुरीचं वाण खांद्यावरून मागे धरायची आणि विचारायची, "अतिथी कोण?" मागे उभी मी सांगायची, "मी, अश्लेषा." असं तीनदा. लेकरू सुखी राहावं म्हणून.

सासर मूर्तिजापूरजवळचं, शेतकऱ्याचं. तिथे त्या दिवशी बैलांखेरीज कुणाला भाव नसतो. यंदा माझी जुईली चार वर्षांची झाली आणि मी हट्टच धरला, पोळा तुमचा, पण संध्याकाळचं वाण माझं. आईकडून आलेलं एवढंही पोरीपर्यंत पोचलं नाही, तर ते माझ्यापाशीच संपणार, याची मला खरंच भीती वाटत होती. नितेश म्हणाला, "करू ना." म्हणजे माझा नवरा काहीही करणार नव्हता.

जुईली तर आदल्या दिवसापासून आजोबांच्या मागे. सासऱ्यांनी सर्जा-राजा या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं, आणि हिने बैलांच्या कानात ओरडून जेवणाचं आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" मला वाण घेण्याची तालीम करायची होती. ती हाताला लागेल तर ना.

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीवरचं तोरण तुटलं, बैल दारात आले, ओवाळून झालं. मी अंगणात पाठमोरी उभी राहिले आणि वाण खांद्यावरून मागे धरलं.

"अतिथी कोण?"

"सर्जा!" मागून जुईलीचा आवाज.

माझा पारा चढला. पण वळायचं नसतं. दातओठ खात पुन्हा विचारलं.

"राजा!"

नितेश फिदीफिदी हसला. मला रडू यायला लागलं. तरी तिसऱ्यांदा विचारलं.

"अतिथी कोण?"

"मी, जुईली!"

मी गर्रकन वळले. "आधी का नाही म्हणालीस गं?"

"आबा म्हनतात, बैलाच्या आंधी आपन जेवाचं नाई," ती म्हणाली. "अन् आवतन त्याइले मीच देल्लं ना, आई."

तिने एक पुरी सर्जाला दिली, एक राजाला. तिसरी स्वतःच्या तोंडात कोंबली. कुणी शिकवलं नव्हतं. दोन्ही घरचं तिने आपलं आपणच एका ताटात वाढून घेतलं होतं. या घरात पडले म्हणून मी पहिल्यांदाच मनापासून देवाचे आभार मानले.

सासूबाई, गोदाबाई, उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुढल्या साली मले बी मांगं उभं करजो. माय गेली तवा मी जुईलीएवढी होती. मले कोनी असं इचारलंच नाई."

पुढचं साल कशाला? घरात खीर होती. मी वाटी भरून आणली, त्यांना मागे उभं केलं आणि पुन्हा पाठमोरी झाले.

"अतिथी कोण?"

मग जुईली त्यांना समजावू लागली, "आजी, असं चूप नाई राहाचं. आपलं नाव सांगा लागते."

"मी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी, गोदा."